'वय झालंय' हे निदान नाही : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व फॅमिली डॉक्टर आणि जनरल फिजिशियन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

"वय झालंय, आता थोडंफार असं व्हायचंच." तुमच्या खोलीत हे वाक्य किती वेळा उच्चारलं जात असेल, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. समोर सत्तरी ओलांडलेलं माणूस बसलेलं असतं, शेजारी मुलगी किंवा सून. ती चाचरत सांगते की आई हल्ली एकच प्रश्न पाच-पाच वेळा विचारते, पैशांच्या हिशेबात चुकते, नेहमीच्या वाटेवर गोंधळून उभी राहते. तुम्ही बीपी बघता, ठीक आहे म्हणता आणि हे वाक्य बोलता. त्यात धीर देण्याचाच हेतू असतो, हे मान्य. मुलीलाही तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. मात्र त्या वाक्याबरोबर विषय मिटतो, आणि तो पुन्हा निघतो तेव्हा आई गॅस चालू ठेवून घराबाहेर पडलेली असते किंवा मुलीला 'तुम्ही कोण?' असं विचारू लागलेली असते.

मी डॉक्टर नाही. वडिलांच्या आजारपणात आणि त्यानंतर काळजीवाहकांच्या एका गटात काम करताना जे पाहिलं, वाचलं आणि जाणकारांकडून तपासून घेतलं, त्याच्या बळावर हे लिहिते आहे. तुमच्यावर राग काढण्यासाठी हे पत्र नाही. बाहेर रांग लागलेली असताना एका पेशंटला पाच-सात मिनिटांहून जास्त देता येत नाहीत, हे मी बाहेरच्या बाकावर बसून पाहिलेलं आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, वाटेवर घराला भेटणारे पहिले डॉक्टर तुम्ही असता. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, मेमरी क्लिनिक हे सगळे नंतर येतात, आणि तेही तुम्ही चिठ्ठी दिलीत तर.

अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि 'अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल' ही जगभरातल्या अल्झायमर संघटनांची शिखर संस्था. तिच्या २०१९ च्या पाहणीत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या ६२ टक्के लोकांनी स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचाच नैसर्गिक भाग असल्याचं सांगितलं होतं. २०२४ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा हा आकडा ६५ टक्क्यांवर गेला. सामान्य लोकांमध्ये तर ८० टक्के. पाच वर्षांत संशोधन कुठल्या कुठे गेलं आणि समज मागे सरकला! शिक्षण घेतलेल्या माणसांच्या मनात ही समजूत इतकी घट्ट का बसावी, याचा शोध घेऊ लागले तेव्हा उत्तर या आजाराच्या इतिहासातच सापडलं.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. वय ५१. नवऱ्यावर विनाकारण संशय, घरकामात गोंधळ, वस्तू लपवून ठेवणं, आणि विचारलं तर स्वतःचं नावही धड लिहिता येत नाही. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिची बारकाईने नोंद ठेवली. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेले चट्टे आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांचे गुंते, या दोन्ही गोष्टी त्यांनी त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत मांडल्या. सभेत कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, असं सांगतात. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचं नाव दिलं.

खरी मेख इथे आहे. डेटर बाई वयाने लहान होत्या, म्हणून 'अल्झायमर' हा मध्यमवयात होणारा एक दुर्मीळ आजार ठरला. ऐंशीच्या माणसाला तेच सगळं झालं तर त्याला म्हातारचळ म्हणायचं, फार तर 'मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. हा कप्पा पुढची पन्नास-साठ वर्षं तसाच राहिला. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्ध माणसांची हयातीत मानसिक तपासणी केली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतले चट्टे मोजले. चट्टे जितके जास्त, तितका हयातीतला ऱ्हास जास्त, असं १९६८ च्या त्यांच्या निबंधात दिसलं. म्हणजे म्हाताऱ्यांच्या मेंदूतही तोच आजार होता. मग १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात स्पष्ट लिहिलं की, वयाची ही भिंत कृत्रिम आहे. दोन्ही एकच आजार मानले तर अल्झायमर हा मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक ठरतो. आज जागतिक आरोग्य संघटना स्मृतिभ्रंशाला जगातलं मृत्यूचं सातवं मोठं कारण मानते. २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना तो होता आणि दरवर्षी सुमारे एक कोटी नव्या माणसांची त्यात भर पडते.

तेव्हा 'वय झालंय' हे वाक्य तुमचं नव्हेच. ते १९७६ च्या आधीच्या वैद्यकाचं आहे, आणि शिक्षकांकडून विद्यार्थ्यांकडे येत येत तुमच्यापर्यंत पोचलं आहे.

वयाचा संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. वय हा सर्वांत मोठा धोका आहेच. पण धोका वेगळा आणि कारण वेगळं. वयानुसार नाव चटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते विसरायला होतं, नवं यंत्र शिकायला वेळ लागतो, हे वयाचं. तासाभरापूर्वीचं बोलणं पूर्ण पुसलं जाणं, चष्मा फ्रिजमध्ये सापडणं, आयुष्यभर लीलया केलेलं काम मध्येच अडणं आणि आपण विसरतोय याचंही भान नसणं, हे वयाचं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात एकेका गावकऱ्याचा अनेक दशकं पाठपुरावा झाला. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे त्याच वयाच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण दर दशकात सरासरी २० टक्क्यांनी घटत गेलं, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ही घट शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांमध्येच दिसली, हेही तितकंच बोलकं. स्मृतिभ्रंश हा वयाचाच भाग असता, तर वय तेच राहून प्रमाण घटलं कसं?

याहून चकित करणारी गोष्ट कोलंबियातली. तिथल्या काही कुटुंबांत एक जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो असणाऱ्यांना चाळिशीतच विसर पडायला लागतो. त्या कुटुंबातली एक बाई दोष असूनही सत्तरीपर्यंत शाबूत राहिली. तपासलं तर मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे चट्टे खच्चून भरलेले, पण टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते फारच कमी. तिच्याकडे एपीओई या जनुकाचं एक विरळ रूप आई आणि वडील अशा दोन्हीकडून आलेलं होतं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यापासून त्या रूपाची नक्कल करणारं औषध बनवता येईल का, यावर काम चालू आहे. चट्टे असणं आणि आजार होणं यांच्यामध्ये बरंच काही घडतं, आणि त्या मधल्या जागेत हात घालता येईल, असा विश्वास संशोधकांना या एका बाईने दिला.

आता तुमच्या टेबलावरच्या गोष्टी.

सगळ्यांत आधी, विसरण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश असतोच असं नाही, आणि हे शोधण्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, सोडियम घसरणं, हे रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. नैराश्यात माणूस इतका मंदावतो की स्मरणशक्ती गेल्यासारखी वाटते. काही आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरल्याचं घरच्यांनी सांगितलेलंच नसतं, आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शंका आधी घ्यावी. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसर अशी तिन्ही एकत्र आली तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलेलं असू शकतं. हकीम आणि ॲडम्स यांनी १९६५ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि नळी बसवून पाण्याला वाट करून दिली की त्यातले काही पेशंट पुन्हा नीट चालू लागतात. आणि दोन दिवसांत एकदम सुरू झालेला गोंधळ, म्हणजे सकाळी बरा नि संध्याकाळी बरळणारा माणूस, हा स्मृतिभ्रंश नसून डिलिरियम असतो. त्याच्या मागे लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध असतं. तिथे 'वय झालंय' म्हणणं जिवावर बेतू शकतं.

नव्या औषधावरून आठवलं. कृपा करून एकदा औषधांची सगळी पिशवी टेबलावर ओतून घ्या. एक डॉक्टर झोपेची गोळी देतो, दुसरा लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, तिसरा पायाच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन, आणि सर्दीची गोळी दुकानातून आलेली असते. यांतली बरीचशी औषधं ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचा मार्ग अडवतात. अल्झायमरमध्ये नेमकं तेच रसायन कमी पडत असतं, आणि डोनेपेझिल ही अल्झायमरवरची गोळी तुम्ही देता ती तेच वाढवायला. एका पेशंटच्या एकाच चिठ्ठीत डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन हातात हात घालून नांदताना मी पाहिलं आहे. डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढली, ती थांबवायला दुसरी गोळी आली, आणि दोन्ही एकमेकींचं काम पुसत राहिल्या. यात दोष कुणा एकाचा नव्हता. सगळी पिशवी एकदम पाहणारा मात्र कुणीच नव्हता, आणि ते पाहण्याच्या जागेवर फॅमिली डॉक्टरच असतो.

चाचणीचं म्हणाल, तर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगणं आणि घड्याळाचं चित्र काढून घेणं याला तीनेक मिनिटं लागतात. १९७५ ची एमएमएसई आणि २००५ ची मोका या जास्त सविस्तर. पण गुणांवर सगळा भार टाकू नका. कमी शिकलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी येतात आणि प्राध्यापकाचे गुण आजार सुरू होऊनही चांगले येतात. ज्याला ऐकूच येत नाही तो प्रश्नालाच चुकतो. त्यापेक्षा घरच्या माणसाला विचारा की दोन वर्षांपूर्वी काय जमायचं आणि आज काय जमत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर भल्याभल्या चाचण्यांहून उजवं असतं, आणि शक्य झालं तर ते पेशंटच्या पाठीमागे विचारा. आईच्या तोंडावर तिच्या चुका मोजणं मुलीला जड जातं.

एकदा स्मृतिभ्रंश आहे असं दिसलं की पुढचा प्रश्न असतो, कोणता? साठ ते सत्तर टक्के वेळा अल्झायमर असतो, आणि फार म्हाताऱ्या माणसांत बहुधा त्याच्या जोडीला मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसानही असतं. पण उरलेल्यांत दोन असे आहेत की त्यांची नावं तुमच्या खोलीत लवकर घेतली जावीत. कपाळामागचा भाग झिजवणारा फ्रंटोटेम्पोरल प्रकार बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयात येतो. त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला ठणठणीत असते, बदलतो तो स्वभाव: सभ्य माणूस अचानक निलाजरा, निष्ठुर किंवा खाण्याला चटावलेला होतो. अशी जोडपी समुपदेशकाकडे आणि वकिलाकडे आधी जातात, डॉक्टरकडे नंतर.

दुसरा लुई बॉडी डिमेन्शिया. माझ्या वडिलांना तो होता. त्यांना खोलीच्या कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसायची. ते घाबरत नसत, उलट त्यांना हाक मारत. त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. हे लक्षण आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. एका ठिकाणी 'भास होतात' म्हणून त्यांना हॅलोपेरिडॉल हे भास दाबणारं औषध दिलं गेलं, आणि काठीने का होईना पण चालणारा माणूस ताठरून अंथरुणाला खिळला. या आजारात त्या गटातल्या औषधांनी असा जीवघेणा परिणाम होऊ शकतो, हे पाठ्यपुस्तकात आहे. ज्यांनी दिलं त्यांना निदान माहीत नव्हतं, कारण निदान तोवर कुणी केलेलंच नव्हतं. 'नाव कळून काय फरक पडणार, औषध थोडंच आहे?' असं जे विचारतात त्यांच्यासाठी माझ्याकडे एवढं एक उत्तर पुरेसं आहे.

आणि ते नाव पेशंटलाही सांगा. घरचे डोळ्यांनी खुणा करतील की सांगू नका. तरी शांतपणे सांगा, त्याला ऐकायचं असेल तितकं. सुरुवातीच्या काळात माणसाला अजून ठरवता येतं: पैशांचे व्यवहार कुणाच्या हाती द्यायचे, इच्छापत्र करायचं का, गाडी चालवणं कधी थांबवायचं, पुढे नळ्या घालून जगवावं की नाही. दोन वर्षांनी हे प्रश्न मुलांच्या अंगावर पडतात आणि भावंडं आयुष्यभर भांडतात.

आता औषधांबद्दल. वर्तमानपत्रात दर महिन्याला एकदा अल्झायमर बरा होतो, आणि तुमच्याकडे आलं की 'यावर काही औषध नाही' असं ऐकायला मिळतं. दोन्ही टोकं खोटी आहेत. डोनेपेझिल १९९६ पासून आहे, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन त्यानंतर आली. ती आजार थांबवत नाहीत. काहींना काही काळ थोडं बरं ठेवतात, आणि लुई बॉडीत रिव्हास्टिग्मिनचा उपयोग कधी कधी डोळ्यांना दिसेल इतका होतो.

नवी औषधं अमायलॉइडच धुऊन काढतात. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी चट्ट्यांतलं प्रथिन वेगळं काढलं, १९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी सगळा आजार तिथूनच सुरू होतो असं मांडलं, आणि पुढची तीस वर्षं त्या कल्पनेवर बेतलेली औषधं एकामागून एक पडत गेली. ॲड्युकॅनुमॅबला अमेरिकेत २०२१ मध्ये सल्लागार समितीचा विरोध डावलून मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. लेकॅनेमॅबने मात्र सुमारे १,८०० लोकांच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक ०.४५ गुणांचा होता. घरच्या माणसाला तो जाणवेल का, यावर तज्ज्ञांतच वाद आहे. शिवाय औषध सुरुवातीला तरी शिरेतून द्यावं लागतं, वारंवार एमआरआय करावा लागतो, आठांतल्या एकाच्या मेंदूत सूज दिसली, क्वचित मोठा रक्तस्रावही होतो, आणि एपीओई-४ हे जनुक आई-वडील दोघांकडून आलेल्यांना हा धोका जास्त. २०२३ मध्ये त्याला पूर्ण मंजुरी मिळाली, २०२४ मध्ये त्याच जातकुळीतलं डोनानेमॅब आलं. दोन्ही फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी. माझं मत विचाराल तर ही औषधं पेशंटपेक्षा विज्ञानासाठी मोठी आहेत: आजाराच्या मुळाशी असलेली गोष्ट बदलली तर त्याची गती बदलते, हे पहिल्यांदा सिद्ध झालं. पण हेही बघा, की ज्याला आज 'वय झालंय' म्हणून परत पाठवलं, तो दोन वर्षांनी निदान होऊन आला तर या रांगेत उभाच राहू शकत नाही.

तपासणीचं चित्र मात्र खरोखर पालटतंय. अमायलॉइड आहे का हे बघायला आजवर पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी लागायचं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्यांदा एका रक्तचाचणीला मान्यता दिली. ती पी-टाऊ २१७ (टाऊ प्रथिनाचं एक रूप) आणि बीटा अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजते. ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आहे. आज ना उद्या आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये ती कुणीतरी घुसवील, आणि लक्षण नसलेला, घाबरलेला माणूस तो कागद घेऊन तुमच्यासमोर बसेल. त्याला काय सांगायचं, हे आतापासून ठरवून ठेवा.

अमायलॉइड साचू लागतं ते लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी. म्हणजे या आजाराचा पेशंट तुमच्याकडे पंचेचाळिशीतच येऊन गेलेला असतो, बीपीची गोळी मध्येच सोडून दिलेला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगे धोके मोजले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असं म्हटलं. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठेपणा हे तुमच्या रोजच्या ओळखीचे. डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण, हवेचं प्रदूषण, आणि कानाने ऐकू न येणं व डोळ्यांनी न दिसणं हे कमी बोलले जाणारे. ४५ टक्के हा आकडा साऱ्या समाजाचा आहे, समोर बसलेल्या माणसाचा नाही. 'व्यायाम केला असता तर झालं नसतं' असं कुणाच्या बायकोला ऐकवू नका. रोज चालणाऱ्या, निर्व्यसनी, बहुश्रुत माणसांनाही हा आजार होतो.

रक्तदाबाचा पुरावा यांत भक्कम आहे. २०१९ च्या स्प्रिंट-माइंड चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्या गटात, १४० च्या खाली ठेवलेल्या गटाच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था १९ टक्क्यांनी कमी आढळली. कानाच्या मशीनबद्दलची अचीव्ह चाचणी २०२३ मधली: सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. आणि ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती ती गोष्ट वेल्समधून आली. तिथे नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना मिळत नव्हती, त्यानंतर जन्मलेल्यांना मिळत होती. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने जन्मलेल्या माणसांची तुलना केली, तर लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी निघाला. का, ते अजून उलगडायचं आहे.

शेवटचा मुद्दा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशाचा जगावरचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातला निम्मा खर्च म्हणजे घरच्यांनी दिलेल्या विनामोबदला काळजीची किंमत. दिवसाचे सरासरी पाच तास. त्या तासांतले ७० टक्के तास बायकांचे. या माणसांना तुमच्या चिठ्ठीत कुठेच जागा नसते.

त्यांच्यासाठी काही करता येतं, हे कोरडं आश्वासन नाही. लंडनमध्ये जिल लिव्हिंगस्टन यांच्या गटाने काळजीवाहकांसाठी आठ बैठकांचा एक कार्यक्रम तपासून पाहिला. राग आला तर काय करायचं, कोणत्या वागण्यामागे काय असतं, मदत कशी मागायची, पुढची तजवीज कशी करायची, असे विषय. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे नवे पदवीधर होते. ज्यांना या बैठका मिळाल्या त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण सहा वर्षांनंतरही कमीच राहिलं. अल्झायमरवरच्या कुठल्याही गोळीला इतका टिकाऊ परिणाम दाखवता आलेला नाही.

घरातून तक्रार येते ती बहुतेक वेळा विसरण्याची नसते. 'रात्रभर फिरतात', 'मारायला धावतात', 'आंघोळ करू देत नाहीत' ही असते. तेव्हा हात लगेच शांत करणाऱ्या गोळीकडे जातो. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. कधी कधी ती द्यावी लागते, हे मी नाकारत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तर दुसरा मार्ग नसतो. पण आधी बघा की दात दुखतोय का, पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, आंघोळीचं पाणी गार तर नाही. ज्याला 'दुखतंय' हा शब्दच सापडत नाही, तो हात उगारतो. आणि गोळी दिलीतच, तर ती कधी बंद करायची ती तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहा. सहा आठवड्यांसाठी सुरू झालेली गोळी सहा वर्षं चालू असलेली आमच्या गटात कुणालाच नवलाची वाटत नाही.

एवढं सगळं सात मिनिटांत बसणार नाही, हे मला कळतं. म्हणून पहिल्या भेटीत फक्त तक्रार लिहून घ्या, रक्त तपासायला पाठवा आणि औषधांची पिशवी घेऊन यायला सांगा. दुसरी तारीख थोडी मोकळी ठेवा. तिसरी तारीख मुलीच्या नावाने द्या, तिच्या स्वतःच्या बीपीसाठी. त्या दिवशी आईला बाहेर कुणाजवळ तरी बसवून तिला विचारा की ती रात्री किती तास झोपते. आईसमोर विचारलंत तर ती 'मी बरी आहे' एवढंच म्हणेल.

आपली,
काळजीवाहकांपैकी एक